कुमुदने मागितलेली दोन वर्षं

फोन वसंतरावांचाच आला. "वहिनी, कुमुद गेली," एवढं सांगून ते थांबले आणि मग म्हणाले, "अहेवपणी गेली हो. हिरवी साडी कुठे ठेवते, तुम्हाला ठाऊक असेल." ठाऊक होतंच. लंडनमध्ये एजवेअरला आमची घरं भिंतीला भिंत लावून, वीस वर्षं कुंपणावरून डब्यांची ये-जा... फ्युनरलला मराठी मंडळातल्या बायकांनी तिची ओटी भरली, कुंकू मी लावलं. नवऱ्याच्या आधी गेली, सोनं झालं, असं जी ती म्हणत होती आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अगं, तिला हे नको होतं. ओरडले नाही. बोलायला हवं तेव्हा मी बोलत नाही. नको तेव्हा मात्र एकदा बोलले, ते आज सांगून टाकते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा उन्हाळा. मंडळाच्या सहलीचा कोच एका जपानी बागेत गेला होता. तिथे तानाबाता नावाचा त्यांचा सण चालू होता. आकाशातलं एक जोडपं, दोन तारे, वर्षातून एकदाच भेटतात, म्हणून त्या दिवशी रंगीत कागदाच्या पट्टीवर इच्छा लिहून ती बांबूला बांधायची. "एकदाच? मजा आहे बाईची," कुमुद माझ्या कानात म्हणाली. दगडी दिव्यांपाशी सुती किमोनोतल्या बायका हसतमुखाने पट्ट्या वाटत होत्या. इथे मराठी कोण वाचणार, या भरवशावर आम्ही सगळ्यांनी मनातलं लिहिलं. आपल्याबरोबर कोचभर मराठी माणसं आली आहेत, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. माझी पट्टी बांधायला गेले तर शेजारीच कुमुदचं गोल अक्षर... 'यांच्यानंतर मला दोन वर्षं मिळू देत. एकटीला.'

गप्प बसायचं होतं. पण हे दोघं म्हणजे आमच्या मंडळाचं आदर्श जोडपं, आमच्या घरी भांडण झालं की त्यांचे दाखले, आणि मला त्याचा वीट आला होता. त्या फुग्याला टाचणी लागावी असं वाटलं, खोटं कशाला बोलू! "अहो डॉक्टर, तुमच्या बायकोने काय मागितलंय बघा," मी हाक मारली. वसंतरावांनी पट्टी सोडवली, तळ्यावरच्या लाकडी पुलावर उभे राहिले आणि नाटकातल्यासारखं खणखणीत आवाजात दोनदा वाचली. सगळे हसले. आधी मी हसले. कुमुदही हसली. परतीच्या कोचमध्ये मी तिच्याशेजारी बसले नाही.

पुढे सात-आठ वर्षं ते वाक्य वसंतरावांनी पुरवून वापरलं. जेवायला माणसं आली की ब्लडप्रेशरची गोळी सगळ्यांना दाखवून घ्यायचे, "कुमुद, तुझी दोन वर्षं लांबली गं." पाण्याचा ग्लास तीच आणून द्यायची. मी एकदा तिच्या किचनमध्ये माफी मागितली. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "कोणीतरी वाचलंच असतं. पण हाक तू मारलीस." मग तिला कॅन्सर झाला. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये, माझ्यादेखत, वसंतराव तिच्या उशाशी वाकले आणि म्हणाले, "हरलीस की गं." अगदी प्रेमाने म्हणाले. तिने डोळे मिटून घेतले. मी फुलांचं पाणी बदलायला उठले.

परवा तिची छोटी गाडी न्यायला माणूस येणार होता, म्हणून ती रिकामी करायला मी गेले. दर शनिवारी वेम्बलीहून भाजी घेऊन आली की कुमुद घरासमोर इंजिन बंद करून त्या गाडीत बसून राहायची. माझ्या खिडकीतून दिसायची. एकदा न राहवून काचेवर टकटक केली होती, एवढ्या थंडीत काय करतेस म्हणून. काच चार बोटं खाली करून ती म्हणाली, "काही नाही गं. एकटी राहतेय. दहा मिनिटांनी जाते आत."

परवा मी त्याच सीटवर बसले, दार लावून घेतलं. दोन मिनिटंही झाली नसतील, वसंतराव पायरीवर आले. "वहिनी, चहा टाकता ना?"

मी उतरले आणि चहा टाकला.