दारू बोलली की पाला?

कानिटकर मॅडम प्रयोगशाळेत आल्या की आधी आमचे हात बघायच्या. कुठे कापलेलं, खरचटलेलं दिसलं की "साबुन से धोया कि नहीं, भैया?" हे विचारल्याशिवाय हजेरी सुरू होत नसे. झाशीच्या आमच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. वर्गात हिंदी, माझ्याशी मात्र मराठी. मी झाशीतल्याच नगरा वस्तीतल्या मराठी घरातली. बाबा जवळच्या बबिन्याच्या लष्करी छावणीत फौजींच्या वर्द्या शिवतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणालाही सांगते. मॅडमना तर पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान. म्हणजे घरून चुकीचं शिकून आली नसशील."

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी त्यांनी मला प्रकल्पासाठी दगडीपाला दिला. रस्त्याकडेला कुठेही उगवतो, लांब दांड्यावर एकच फूल. मॅडमचं बालपण झाशीजवळच्या बरुआसागरला गेलं. गुडघा फुटला की त्यांची आई हाच पाला चोळून लावायची. मॅडम त्या वर्षी निवृत्त होणार होत्या. "जगाची पानं तपासली ग," त्या म्हणाल्या, "आईचं तेवढं राहिलं. धीर झाला नाही म्हण हवं तर."

पाला सावलीत वाळवून कुटला आणि अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढला. फेरिक क्लोराइडच्या थेंबांनी तो काळपट हिरवा झाला, म्हणजे त्यात जंतूंना रोखू शकणारं टॅनिन होतं. मॅडम खुशीत आल्या. खरी परीक्षा पुढे होती. जंतू पसरलेल्या प्लेटवर अर्कात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची. अर्कात दम असेल तर दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती जंतू नसलेला स्वच्छ गोल दिसतो. पण अल्कोहोलही जंतू मारतं, म्हणून शेजारी नुसत्या अल्कोहोलची चकती हवीच, हा मॅडमचा नियम. कुणी गोल दाखवायला धावत आलं की त्या विचारत, "दारू बोलली की पाला?"

दुसऱ्या दिवशी प्लेट काढली तर चांगला ठसठशीत गोल. मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मी बाबांना फोन लावणार, तेवढ्यात त्यांचं बोट शेजारच्या चकतीवर गेलं. तिच्याभोवतीही तेवढाच गोल होता. अल्कोहोल उडून जायच्या आत चकत्या प्लेटवर गेल्या होत्या, आणि त्या ठेवल्या होत्या मॅडमनी. वर्षानुवर्षं आम्हाला "वाळू दे, घाई कसली?" म्हणणाऱ्या बाईंना आईच्या पाल्यासाठी दम निघाला नव्हता.

पुन्हा केलं, नीट वाळवून. या वेळी दोन्ही चकत्यांच्या कडेपर्यंत जंतू दाट उगवले होते. मॅडम बराच वेळ प्लेट उजेडाकडे धरून उभ्या राहिल्या.

मला बघवेना. म्हटलं, "अर्क दाट करून बघू या? नाहीतर दुसरा जंतू घेऊ."

"घेऊ की. पण आधी हे लिही. दिसलं तसं."

"तुमच्या आईंचा पाला आहे, मॅडम."

"म्हणून तर. आईच्या नावावर खोटं कशाला?"

तसंच लिहिलं. पदवी मिळाली. बाबांनी तिला चौकट करून दुकानात शिलाई मशिनीच्या वर लावली आहे.

निवृत्तीनंतर मॅडम मुलाकडे पुण्याला निघाल्या. सामान बांधायला मी गेले होते, तर पेटीच्या पत्र्यानं माझं बोट कापलं. मॅडमनी हात धरून नळाखाली नेला आणि साबणानं चांगला चोळून धुतला. मग परसात गेल्या, दगडीपाला खुडून तळहातावर चुरडला आणि बोटावर दाबला.

"मॅडम, प्लेटमध्ये तर काहीच..."

"जंतूंचं साबणानं बघितलं. आता गप्प बस."

रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता. त्या माझं बोट मुठीत घेऊन पेटीवर बसून राहिल्या.

बोटाची ठणक थांबली. ती कशानं, ते मी तपासलेलं नाही.