नारळ फोडला मी, गाडी दुसऱ्याची

माझ्या बापसाला डाव्या कानानं ऐकू येत नाही. जन्मापासून नाही, वयामुळंही नाही. आमच्याच अंगणात, भर दुपारी, पाहुण्यांसमोर एका माणसानं त्याच्या कानाखाली वाजवली आणि पडदा फाटला तो फाटलाच. ती थप्पड माझ्या वाट्याची होती. त्यानं ती खाल्ली आणि मी बघत उभा होतो.

आजकाल मोबाइल उघडला की विशीतली पोरं महागड्या गाड्यांना टेकून उभी दिसतात. डोळ्यांवर गॉगल, हाताची घडी, खाली लिहिलेलं, 'आपली नवीन राणी'. गाडी मित्राची, नाहीतर बिल्डरची, नाहीतर मॉलच्या पार्किंगमध्ये कुणीतरी लावून गेलेली. लोक म्हणतात, जाऊ दे रे, पोरखेळ आहे. माझं डोकं फिरतं. एकेकाला धरून बडवावा असं वाटतं. मग बडवणाऱ्यांनी आमच्या घरात काय करून ठेवलं ते आठवतं आणि मी फोन उलटा ठेवतो.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. पनवेलजवळ खांदा कॉलनीत रेडियमच्या दुकानात कामाला. रेडियम म्हणजे गाडीवर लावतात ते चमकणारे स्टिकर. नंबर प्लेटा, काचेवरची नावं, वाघ, देव, पोराबाळांची नावं, सगळं मी ब्लेडनं हातानं कापायचो. माझ्या हातात कला होती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. त्या वर्षांत आमच्याकडं जमिनी जात होत्या आणि गाड्या येत होत्या. ज्यांनी जन्मभर मिठागरात पाय भाजून घेतले त्यांच्या दारात काळ्या काचांची भलीमोठी गाडी. शोरूममधून निघाली की ती पहिली आमच्या दुकानात यायची.

आमच्या दुकानमालकाचा एक नेम होता. प्लेट लागली की चारी चाकांखाली लिंबू ठेवायचं आणि पुढच्या चाकापाशी नारळ फोडायचा. पण नारळ गाडीवाल्यानं नाही, ज्यानं प्लेट लावली त्यानं फोडायचा. कारागिराच्या हातून फुटला की गाडीला दृष्ट लागत नाही, असं मालक गिऱ्हाइकाला सांगायचा आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. हा नेम फक्त आमच्या दुकानाचा. बाकी सगळ्या पनवेल-उरणात नव्या गाडीचा नारळ गाडीचा मालकच फोडतो. नारळ फोडताना दिसला तो मालक, असंच आमच्याकडं धरतात, कुणी विचारतसुद्धा नाही.

एक दिवस उरण रोडकडचा एक जमिनीचा दलाल नवी काळी गाडी घेऊन आला. त्याचे आजे-पणजे मासेमारीवाले, म्हणून मागच्या काचेवर त्याला भगवी होडी हवी होती. मी दोन दिवस खपून ती कापली. शीड, सुकाणू, लाटा, सगळं. तशी होडी दुसऱ्या कुठल्या गाडीवर नव्हती. नंबराचे आकडे तर इतके वळणावळणाचे काढले की मलाच थांबून वाचावे लागायचे. दलालाला पोलीस वाचू शकणार नाहीत असाच नंबर हवा होता. मी नारळ फोडला, कपाळाला टिळा लावला, आणि दुकानातल्या सोबत्यानं मोबाइलवर माझे दोन फोटो काढले. एक नारळ फोडताना, एक होडीपाशी टेचात उभा असताना.

संध्याकाळी सायबर कॅफेत जाऊन मी ते नेटवर टाकले. खाली लिहिलं, 'आपली नवीन गाडी. आईची कृपा.' का लिहिलं, याला काही मोठं कारण नाही. शाळेतली पोरं कॉलेजांत गेली होती, त्यांचे फोटो यायचे. मी सहा आसनी रिक्षाच्या कडेला लटकून कामाला जायचो आणि दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या सजवायचो. मला एकदा भाव खायचा होता, एवढंच. धडाधड कमेंटा आल्या, पार्टी कधी, पार्टी कधी. एकानं विचारलं, खरंच तुझी का रे? मी लिहिलं, मग काय तुझ्या बापाची?

घरात ताई होती, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, ब्लाउज शिवायची. दोन स्थळं येऊन मोडली होती. एकाला रंग पसंत नव्हता. दुसऱ्यानं तोंडावर सांगितलं की तुमच्या घरात काही दम नाही. त्यानंतर ती लग्नांना जायची बंद झाली. तिसरं स्थळ आपणहून आलं. मुलगा न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला, शांत, त्यानं ताईला एका हळदीत बघितलेलं. ताईलाही तो आवडला होता, हे तिनं सांगितलं नाही, पण मशीन चालवताना गुणगुणायला लागली होती. आम्हाला सगळ्यांना कळलं की हे जमलं पाहिजे. हे मोडलं तर ती पुन्हा कुणासमोर चहा घेऊन उभी राहणार नव्हती.

मुलाचा बाप मात्र घराचं वजन बघणारा. त्याच्या पुतण्यानं त्याला नेटवरचा माझा फोटो दाखवला होता. बघायला आले तेव्हा बसल्या बसल्या त्यानं विचारलं, गाडी कुठं दिसत नाय? बापसानं माझ्याकडं बघितलं. तो मिठागरात राबलेला माणूस, त्याला कसला फोटो आणि कसली गाडी. मी पटकन म्हटलं, सर्व्हिसिंगला दिली आहे.

पाहुणे गेल्यावर बापसानं मला बाहेर नेलं. ओरडला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि कट्ट्यावर बसला. मी म्हटलं, लग्न झालं की गाडी विकली म्हणून सांगू, सगळेच मारतात अशा थापा. तो म्हणाला, ताईचं होऊ दे. त्याच्या दुसऱ्या दिवशी नाक्यावर कुणीतरी गाडीचं विचारलं तेव्हा त्यानं होय म्हणून सांगितलं. जन्मात खोटं न बोललेला माणूस. मी त्याला खोटं बोलायला लावलं आणि मला त्याची लाजही वाटली नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं.

पंधरा दिवसांनी सुपारी फोडायचं ठरलं. आमच्यात दोन्हीकडच्या मोठ्या माणसांसमोर सुपारी फुटली की मुलगी त्यांची झाली. अंगणात ताडपत्री बांधली होती. सुपारी फुटली, ताईची ओटी भरली, तिनं त्यांनी दिलेली साडी नेसली. जेवणाची पानं वाढली होती आणि मी पाण्याचा जग घेऊन फिरत होतो. तेवढ्यात दारात दोन सहा आसनी येऊन थांबल्या.

आठ-नऊ जण उतरले. हातात बांबू, एकाच्या हातात सायकलची चेन. पुढचा माणूस तिशीचा, डोळे तांबारलेले, त्याच्या हातात कागद. कागदावर होडीपाशी उभा असलेला माझा फोटो, सायबर कॅफेतून छापून आणलेला, काळापांढरा. त्यानं एका दमात सांगितलं. चार दिवसांपूर्वी सकाळी त्याचा धाकटा भाऊ सायकलवरून ड्युटीला निघाला होता. गव्हाणच्या रस्त्याला काळ्या गाडीनं त्याला मागून उडवला, पायावरून चाक नेलं आणि थांबलीसुद्धा नाही. नंबर कुणाला वाचता आला नाही. मागच्या काचेवरची भगवी होडी मात्र तिघा-चौघांनी बघितली होती, आणि त्यातल्या एकानं ती नेटवरच्या माझ्या फोटोत ओळखली होती.

"या होडीची गाडी तुमचीच ना?" त्यानं बापसाला विचारलं.

बापसानं कागद बघितला. मग मुलाच्या बापाकडं बघितलं. मग आत, जिथं ताई नवी साडी नेसून बसली होती, तिकडं.

"आमची हाय," तो म्हणाला.

थप्पड इतक्या जोरात बसली की तो वाढलेल्या पानांवर आडवा झाला. डाळ-भात सगळीकडं. त्याला कॉलर धरून उठवला आणि विचारलं, चालवत कोण होता. माझ्या बापसाला सायकलसुद्धा चालवता येत नाही. तो म्हणाला, मी. मग बांबू सुरू झाले. पाठीवर, पिंढऱ्यांवर, डोकं झाकायला वर केलेल्या हातांवर. लाकूड हाडावर बसतं त्याचा एक कोरडा आवाज येतो, तो मी अजून विसरलो नाही. कानातून रक्त येऊन पांढऱ्या सदऱ्यावर उतरलं. आई त्याच्या अंगावर पडली, तिला एकानं दंडाला धरून बाजूला फेकली, ती खांबावर आपटली. पाहुणे भिंतीला चिकटून उभे. मुलगाही.

आणि मी जग घेऊन उभा. गाडी कुणाची, तो दलाल कुठं राहतो, सगळं मला ठाऊक होतं. एक वाक्य बोललो असतो तर मार थांबला असता. त्या वाक्यानं ताईचं लग्न मोडेल म्हणून मी गप्प राहिलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. साफ खोटं. पाचावर धारण बसली होती माझी. मला मार खायचा नव्हता.

ताई बाहेर आली. पदर खोचलेला, हातात हिरव्या बांगड्या. ती सरळ बांबूंच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"त्यांना सायकल पण येत नाय," ती म्हणाली. "गाडी आमची नाय. माझा भाऊ रेडियमच्या दुकानात कामाला हाय, त्यानं नुसता नारळ फोडला. खोटं बोललो आमी."

ती 'आमी' म्हणाली. ती एकदाही खोटं बोलली नव्हती.

हात थांबले. त्या माणसानं कागद बघितला, मग मला बघितलं. गाडी तुझी नाय तर नारळ कसा फोडलास, म्हणून विचारलं. मी दुकानाचा नेम सांगितला. सांगता सांगता माझ्याच कानाला ते खोटं वाटायला लागलं. चेन पहिली तोंडावर आली, पुढचे दोन दात गेले. दुसरी अडवायला उजवा हात वर केला तर दोन बोटं मोडली. खाली पाडून लाथा घातल्या. मातीत तोंड घालून मी दलालाचं नाव, गाव, घराची खूण, सगळं ओकलो. जे मी न बोलल्यामुळं बापसानं एवढा मार खाल्ला ते मी दोन मिनिटांत सांगून मोकळा झालो.

जाण्याआधी त्या माणसानं माझ्या बापसाला उचलून भिंतीला टेकवून बसवलं. स्वतःच्या हातानं पाणी पाजलं.

"माझ्या भावाचा पाय कापला वो काका," तो म्हणाला आणि रडायला लागला. बापसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग ते निघून गेले.

मुलाच्या बापानं चपला घातल्या. खोट्यावर फुटलेली सुपारी आम्ही मानत नाही, एवढं म्हणाला. मुलगा खाली बघत होता. ताईनं त्याच्याकडं एकदा नीट बघितलं, तो काही बोलतो का म्हणून. त्यानंही चपला पायात सरकवल्या. ती आत गेली, जुनी साडी नेसून आली, नवीची घडी घातली आणि त्याच्या आईच्या हातात दिली. मग तिनं बापसाचं डोकं मांडीवर घेतलं आणि रिक्षा बोलवायला मला हाक मारली. तोंड धू आधी, असं म्हणाली.

दलालाला पोलिसांनी धरलं, गाडीची मागची काच त्यानं तोवर बदललेली होती. माझी बोटं वाकडीच जुळली, ब्लेड पुन्हा धरता आलं नाही. आता मी न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, तोही दुसऱ्याचा. ताईला पुन्हा स्थळ आलं नाही. गावात तिला 'गाडीवाली' म्हणायला लागले, बायकासुद्धा, आणि ती ऐकून घ्यायची. तिनं मला कधी शिवी दिली नाही. द्यायला हवी होती. मी कितीदा मनात म्हटलं की बाई, एकदा तरी मार मला.

मागच्या काही वर्षांत तिनं नवीन पनवेलला शिलाईचं छोटं दुकान टाकलं. ब्लाउजांचे फोटो टाकायला तिला खातं हवं होतं, मी उघडून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बंदराच्या रांगेत गाडी लावून बसलो होतो तर फोन वाजला. माझ्या त्या जुन्या फोटोखाली कमेंट आली होती. तो फोटो अजून आहे हे मी विसरलो होतो, म्हणजे विसरायचं ठरवलं होतं. तिनं शोधून काढला होता. पार्टी कधी, पार्टी कधी, आणि त्या सगळ्याच्या खाली तिच्या नावानं लिहिलेलं, 'ही गाडी आमची नाही.'

संध्याकाळी मी थेट तिच्या दुकानात गेलो. ती मशीनवर बसली होती. म्हटलं, ताई, आत्ताच्या आत्ता काढून टाकतो मी तो फोटो. तिनं पायडल थांबवलं नाही.

"आता कशाला?" ती म्हणाली. "सुपारीच्या दिवशी मी आत साडी नेसत होते ना, तेव्हा काढायचास."