तेलाचा थेंब

परवा शिलाई मशीनला तेल घालताना त्या वासानं बाबांचं चेरीतालचं घर आठवलं. एकदा कम्प्युटरसाठी मी ओमतीच्या बाजारातून जास्तीची रॅम आणली होती, पण ती स्लॉटमध्ये बसेना. बाबा फॅक्टरीतले फिटर. कुठलाही भाग बसवण्याआधी तेल सोडायची त्यांची सवय. त्यांनी स्लॉटमध्येही थेंब सोडला.

"काहून हात लावता, बाबा? तुम्हाला यातलं काही कळतं का?" मी ओरडले.

"अच्छा, चुकलं माझं," म्हणत त्यांनी बोटं पायजम्याला पुसली.

रॅम मीच उलटी धरली होती. तेल पुसून, फिरवून लावली तर लगेच बसली. हे मी त्यांना सांगितलं नाही.

पुढे बाबांनी कम्प्युटरला कधी हात लावला नाही. पुण्याला भावाकडे असलेल्या नातवाचे फोटो पाहायचे असले, की दारात उभे राहून विचारायचे, "बेटा, रिकामी आहेस का?"

बहुतेक वेळा मी रिकामी नसायचे.