दांड्यांची सरळ रेघ

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, बाबांना कुशीवर वळवण्यापासून. बाबा अंथरुणाला खिळलेले, आणि अंथरूण जमिनीवर. ती गुडघे टेकायची, काखेत हात घालायची, एका दमात वळवायची. पाठीत कळ यायची ती यायचीच.

साडेसहाला ती रुग्णालयाच्या तळघरात, कर्करोगाला किरण देणाऱ्या यंत्रापाशी. तिथेही तेच काम: माणसांना टेबलावर नीट निजवायचं. मिलिमीटरचाही फरक चालू देत नसे, म्हणून सगळे तिला फूटपट्टी म्हणत.

टेबलाच्या पोटाखाली दोन सरकत्या दांड्या होत्या. वजनदार माणूस आला की ती त्या बाहेर ओढायची, टेबल वाकू नये म्हणून. अकरा वर्षं प्रत्येकाच्या उपचाराच्या कागदावरही तसंच लिहिलेलं असायचं. पुढेपुढे ती कागद बघेनाशी झाली.

त्या महिन्यात विभागात नवी पद्धत आली. अंगातून पार झालेल्या किरणांचं चित्र पलीकडची पाटी टिपायची, आणि ठरवलेला डोस खरोखर पोचला का ते संगणक सांगायचा. फरक असेल तिथे लाल. कुणाच्या पोटात गॅस, कुणी हललेला, रोज लाल. मोठे डॉक्टर वैतागले. "लांडगा आला रे आला चाललंय. शुक्रवारपर्यंत बघू, मग बंद."

बुधवारी एक ट्रकवाला टेबलावर होता. एकशे दहा किलोचा गडी, ओटीपोटात गाठ.

"ताई, एवढी ढकलाढकली तर मी ट्रकचीही करत नाही."

"ट्रकला ब्रेक असतो. तुम्ही हलू नका म्हणजे झालं."

त्याची ही तिसरी बैठक, आणि तिसरंही चित्र लाल. डोसाचं गणित मांडणारा फिजिसिस्ट म्हणाला, "गॅस असेल," आणि शेरा मारायला बसला.

ती चित्राकडे बघत राहिली. लाल पट्टा दोन बोटं रुंद होता आणि सरळ होता. माणसाच्या अंगात सरळ रेघ कुठून येणार? तिने कागद काढला. लिहिलं होतं: दांड्या आत. याचे किरण खालून तिरपे यायचे होते, आणि तिने सवयीने बाहेर ओढलेल्या दांड्या त्यांच्या वाटेत.

सोमवारी तिचा करार नवा व्हायचा होता. उद्या गुपचूप दांड्या आत सरकवल्या असत्या तर चित्र साफ आलं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता. पण तीन दिवसांचा कमी पडलेला डोस गाठीला कोण देणार?

"गॅस लिहू नका," ती म्हणाली. "दांड्या आहेत. मीच बाहेर ठेवल्या."

"तिन्ही दिवस?"

"तिन्ही."

फिजिसिस्टने दांड्या बाहेर आहेत असं धरून गणित पुन्हा मांडलं. गणितातली रेघ चित्रातल्या लाल रेघेवर तंतोतंत बसली. तीस बैठका बाकी होत्या, त्यांत तूट भरून काढता आली. मोठ्या डॉक्टरांनी ट्रकवाल्याला स्वतः सगळं सांगितलं. तिला लेखी समज मिळाली, करार तीन महिने लटकला, मग झाला. नवी पद्धत बंद करायचं कुणी पुन्हा काढलं नाही. दांड्यांची जागा रोज मोठ्याने वाचायची, असा नियम मात्र झाला, आणि तो तिनेच घातला.

वर्षअखेरीस तिच्या पगारातून बाबांसाठी खाट आली, कमरेइतक्या उंचीची, डोक्याकडचा भाग वर करायला हॅंडल असलेली. तिने हॅंडल फिरवलं. बाबा हळूहळू उठून बसले. दांड्यांचा किस्सा तिने त्यांना केव्हाच सांगितला होता.

"खालच्या दांड्या बघितल्यास का गं?"

"कागद वाचून बघितल्या," ती म्हणाली.