कुलूप लावलेल्या खोलीचं भाडं

आई गेल्यावर रजेचा अर्ज मी आधी कच्चा लिहिला, मग शाईनं उतरवला. कारण, तारखा, पत्ता, सगळं क्रमानं. त्यात एक वाक्य होतं : ‘आषाढापासून वडिलांच्या शासकीय निवासस्थानी राहून मी आईची शुश्रूषा करत होते.’ ते कुणी विचारलेलं नव्हतं. माहिती पूर्ण असावी, एवढंच माझ्या मनात होतं.

महिन्याभरानं कार्यालयाचं पत्र आलं. वडिलांच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत असताना नऊ महिने मी घरभाडे भत्ता घेतला होता. सरकारी घरात राहणाऱ्याला तो मिळत नाही, आणि राहण्यातला बदल मी कळवला नव्हता. जादा दिलेली रक्कम पगारातून का कापू नये, याचा खुलासा आठ दिवसांत मागितला होता.

मी मंगरूळपीरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. नोकरी लागली तेव्हा बाबा रिसोडला जनावरांच्या दवाखान्यात शिपाई होते, म्हणून मी इथं एक खोली भाड्यानं घेतली. नंतर त्यांची बदली मंगरूळपीरलाच झाली. दवाखान्यामागं दीड खोलीचं क्वार्टर मिळालं, आणि त्याच पावसाळ्यात आईचं पोटाचं दुखणं निघालं. मी ट्रंक आणि स्टोव्ह घेऊन तिथं गेले. खोलीला कुलूप लावलं. भाडं मात्र दर महिन्याला देत राहिले आणि पावती घेत राहिले.

पावत्या घेऊन मी कार्यालयातल्या हेडक्लार्कसमोर, बडेबाबूंसमोर, उभी राहिले. माणूस वाईट नव्हता. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी त्या मोजल्या.

“बाई, राहत नव्हत्या तं भाडं कायले भरलं? कुलपाचं भाडं असते का कुठं?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्या टेबलावर ठेवण्यासारखं नव्हतं. आम्ही बौद्ध. खोली शोधत होते तेव्हा लोक आधी चहा विचारायचे, मग आडनाव. आडनाव सांगितलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली निघायची. गावाच्या कडेला भाजीचा मळा करणाऱ्या एका म्हातारीनं मात्र काही न विचारता किल्ली हातात दिली. आमच्यातल्या कुणालाही विचारा, अशी खोली कुणी सोडत नाही. रिकामी ठेवतील, पण सोडणार नाहीत. आणि भाडं भरतेय म्हणजे भत्ता माझाच, असं मी धरून चालले होते.

बडेबाबू आवाज खाली आणून म्हणाले, “अर्जात ‘राहून’ लिहिलं तुमी. खुलाशात ‘येऊन-जाऊन’ लिहा. मालकिणीचं पत्र आना, वडिलांचा जबाब आना. मिटून जाईन.”

घरी येऊन मी यादी केली. पावत्या. मालकिणीचं पत्र. बाबांचा जबाब. यादीच्या खाली बाबांच्या निवृत्तीचा महिना लिहिला : मे. त्यानंतर क्वार्टर सोडावं लागणार होतं. आईच्या औषधांची उधारी अजून फिटत होती. पगारातून कपात सुरू झाली असती तर खोलीचं भाडं निघालं नसतं, आणि बाबांना बरोबर घेऊन मला पुन्हा दारोदार आडनाव सांगत फिरावं लागलं असतं.

म्हातारी वांग्यांच्या वाफ्यात बसली होती.

“नऊ महिने भाड्यापुरतंच तोंड दाखवलं तू, अन् आता म्हनतं इथंच राहत होती?” ती हसली. मग माझ्याकडे बघून थांबली. “माय गेली नं तुही? आन कागद. अंगठा देतो.”

राहिले बाबा. जबाब मीच लिहून नेला होता. ते दवाखान्याच्या ओट्यावर बाटल्या धूत होते. मी वाचून दाखवलं : ‘माझी मुलगी स्वतंत्र खोलीत राहत असून आजारी आईस भेटण्यासाठी अधूनमधून येत असे.’

“अधूनमधून?” बाबांनी विचारलं.

“कागदावर, बाबा.”

“अन् तिले न्हाऊ कोन घाले? पेज कोन पाजे? तेबी मीच केलं म्हनून लिव्ह मंग.”

त्यांनी हात धोतराला पुसले.

“तुही माय शेवटी माह्याशी नाही बोलली. तुह्याशीच बोले. अन् तू इथं नव्हतीच म्हनतं.” मग म्हणाले, “काहून मांगतेत हे असं?”

मी खोलीचं सांगितलं. मे महिन्याचं सांगितलं. ते ऐकून त्यांनी सही केली. अक्षरं ते मोठेपणी शिकले होते, म्हणून सहीला वेळ लागे. त्या दिवशी जास्तच लागला.

वसुली रद्द झाली. ते पत्र मी फायलीत लावलं.

आईच्या औषधांची एक वही होती. कोणता डोस, किती वाजता, पोटात राहिला की उलटला, सगळं माझ्या हातचं, नऊ महिन्यांचं. बडेबाबूंनी खुलासा घेताना विचारलं होतं, तुम्ही तिथं राहत होता असं दाखवणारा दुसरा काही कागद नाही ना? घरी येऊन मी ती वही चुलीपाशी नेली. बाबांनी ती हातातून काढून घेतली आणि आपल्या धोतरांखाली पेटीत ठेवली.

“कोनाले नाही दाखवत. पन हे राहू दे.”

मे संपल्यावर ते माझ्याबरोबर त्या खोलीत राहायला आले आणि तिथंच शेवटपर्यंत राहिले. त्या वर्षांचा प्रत्येक कागद आज माझ्याकडे तारखेनुसार लावलेला आहे. बाबांच्या जबाबाची नक्कल तेवढी मी कधी मागितली नाही.