विषयाचं विचारा, सर

"परत म्हणा. काय म्हणालात तुम्ही आत्ता?"

 मी खडू हातात धरून फळ्यापाशी उभी राहिले.

"सोडाया तयार न्हाय!" परीक्षक सरांनी माझाच हेल काढून दाखवला. मग माझ्या गाइडकडं वळून म्हणाले, "काय हो, बारामतीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंग आता या भाषेत शिकवतात?"

गाइड हसले. ज्यांच्या हाताखाली मी पीएच.डी. करणार होते, ते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. पीएच.डी.ला पुढं जायचं तर आधी पात्रता परीक्षा. लेखी मी पास झाले होते. तोंडी घ्यायला पुण्याहून दोघं आले होते, एक सर आणि एक मॅडम. सरांनी डेडलॉक समजावून सांगायला सांगितलं. दोन प्रोग्रॅम. दोघांनी एकेक वस्तू धरून ठेवलेली, आणि प्रत्येकाला दुसऱ्याकडची पाहिजे. काम ठप्प. मी इंग्रजीतून नीट सुरू केलं होतं. पण सर प्रत्येक वाक्याला माझे उच्चार दुरुस्त करत राहिले. शेवटी माझं इंग्रजी आटलं. घरचं वाक्य बाहेर पडलं. "दोघंबी अडून बसल्यात, सर. कुणीच सोडाया तयार न्हाय."

उत्तर बरोबर होतं.

"वडील काय करतात?" सरांनी विचारलं.

"शेती. इंदापूर तालुक्यात."

"पहिल्यापासून?"

"आधी मेंढरं होती."

"मग ठीक आहे. मेंढरांना समजवायला एवढं पुरे."

मॅडम टेबलावरच्या कागदांकडं बघत बसल्या. आणि मी? मी "थँक यू सर" म्हणाले. आजही ते आठवलं की अंगाची आग होते. थँक यू म्हणाले!

निकाल लगेच. नापास. "भाषा सुधारा आणि पुन्हा या."

एस.टी.नं गावी गेले. आबा, माझे वडील, उसाला पाणी धरून नुकतेच आले होते.

"काय झालं गं?"

"नापास."

"येत न्हवतं व्हय?"

"येत हुतं."

"मंग?"

 मी लहान असताना दिवाळी झाली की आमचा कळप चरायला कोकणात उतरायचा. माझी शाळा बुडायला नको म्हणून आबांनी मेंढरं विकली आणि ते एका जागी बसले. त्यांना काय सांगणार? त्या खोलीत 'मेंढरं' म्हणताना माझा आवाज खाली गेला होता. सरांनी टोमणा मारायच्या आधीच आवाज पडला होता. ते जास्त लागलं.

तरी मी भाषा सुधारायला बसले. आरशासमोर. रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या लावून. वर्गातही तसंच बोलायला लागले. एक दिवस आमच्याच तालुक्यातली, नरसिंहपूरकडची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर मागं थांबली.

"मॅडम, तुमी हल्ली असं का बोलताय? पयलं कळत हुतं."

 त्या दिवसापासून आरसा बंद.

पुन्हा तोंडी. तेच सर, त्याच मॅडम, शेजारी माझे गाइड.

"या, या. काय म्हणतात मेंढरं?"

 या वेळी माझा आवाज खाली गेला नाही.

"विषयाचं विचारा, सर."

"अहो, गंमत केली."

"मला गंमत वाटली न्हाय. हितं आपण चौघंबी मराठी हाय. शब्द इंग्रजी ठेवते, समजावते माझ्या बोलीत. चालत नसंल तर तसा नियम दाखवा."

कुणी दाखवला नाही. नव्हताच बहुतेक. गाइड माझ्याकडं डोळे वटारून बघत होते. सरांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. एक प्रश्न खरंच येत नव्हता. "येत न्हाय," म्हणाले. तेवढ्यावर नापास केलं असतं तर मी मान खाली घालून घरी गेले असते.

नापास केलंच. कारण सांगितलं, वर्तन.

व्हरांड्यात मॅडम मागून आल्या. हळूच म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं गं. पण इतकं ताठ राहू नये बायकांनी."

"मग आत का बोलला न्हाईत?"

त्या निघून गेल्या.

गाइडनी केबिनमध्ये बोलावलं. "दोन शब्द माफीचे बोल. पुढच्या वेळी मी सांभाळून घेतो."

"कशाची माफी, सर?"

"कशाची म्हणजे? रीत असते."

"तुम्ही हसला होता, सर. पहिल्या वेळी."

ते पेनाचं टोपण लावत बसले.

"मी दुसरा गाइड बघते," म्हणाले आणि उठले. बारामतीत दुसरा गाइड नव्हता. मला ठाऊक होतं. त्यांनाही.

त्या रविवारी गावी जाऊन आबांना सगळं सांगितलं. मेंढरांचंसुद्धा. बांधावरचं खोरं उचलून ते पाणी दुसऱ्या सरीत वळवायला लागले.

"परत बसणार हायस?"

"व्हय."

"त्योच माणूस आसंल."

"असू दे."

पुण्यात, मुंबईत, जिथं कुठं गाइड मिळेल तिथं जाईन. पुन्हा फळ्यापुढं उभी राहीन. आलं नाही तर खुशाल नापास करा. पण माझा बाप काय करत होता हे परीक्षेत कुणी विचारलं, तर त्याला मी आधी गप्प बसवीन. उत्तर त्यानंतर. आणि थँक यू म्हणणार नाही.