खडू नसलेला फळा

माझी थोरली बहीण, सुमनताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. वर्गात बोटाने लिहायचा डिजिटल फळा आला तेव्हा ती धास्तावली होती. "आता माझं काय काम उरलं रे?" म्हणायची.

परवा तिला घ्यायला गेलो आणि वर्गाच्या दारातच थबकलो. ताईने पडद्यावरचे आंबे बोटाने ओढून टोपलीत टाकले, बेरीज लिहिली आणि वळताना सवयीने हातावर हात आपटून खडूची पूड झाडली. पूड नव्हतीच. मला हसू आलं.

मग तिने एका मुलीला पुढे बोलावलं. पोरीने आंबे ओढले, उत्तर लिहिलं आणि जागेवर जाण्याआधी अगदी ताईसारखेच हात झाडले. तिच्यामागून आलेल्या मुलानेही तेच केलं. या मुलांनी वर्गात खडू पाहिलेलाच नाही. उत्तर आलं की बाईंसारखे हात झाडायचे, एवढंच त्यांना ठाऊक. माझं हसू विरलं आणि ऊर भरून आला.

वाटेत मी ताईला हे सांगितलं. ती आपल्या स्वच्छ तळव्यांकडे बघत राहिली.

"अगबाई, मी अजून झाडते? आता नाही झाडणार."

"झाडत जा," मी म्हणालो. "नाहीतर तुझ्या वर्गाला गणित संपल्यासारखं वाटायचं नाही."